चेण्याच्या नदीकांठीं बारा दिवस

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर उभें राहतें. निदान महाबळेश्वर किंवा माथेरान तरी. मी ज्या स्थळाविषयीं लिहिणार आहें तें ठाण्याहून मोटारीनें थोड्या वेळाच्या वाटेवर आहे. तेथें थंड हवा नाहीं, नांवाजलेलें क्षेत्र नाहीं, आणि वाचकांपैकीं पुष्कळांनीं त्याचें नांवहि ऐकलें नसेल. तरीहि वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं मला तेथें जें मिळालें तें पूर्वींच्या कोणत्याहि यात्रेंत मिळालें नव्हतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्यानें निघालें, कीं कासारवडवली मागें पडते आणि उजव्या हातास वसईची खाडी व डाव्या हातास येऊरचे डोंगर अशी जोडी लागते. गायमुखाचा लहानसा घाट ओलांडला, कीं काजूपाडा, आणि त्यापुढें चेणें. गांव मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. रस्त्यावर मालमोटारींची रांग दिवसरात्र तुटत नाहीं. परंतु डांबरी रस्ता सोडून थोडें आंत वळावें, कीं महानगर आपलें आपणच गळून पडतें. समोर १०४ चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरलेलें असतें. ह्याच डोंगरांच्या पोटांत कान्हेरीचीं लेणीं आहेत आणि ह्याच रानांत आजहि बिबट्या नांदतो. कडेला वारल्यांचे पाडे आहेत. रानांतून एक नदी उतरते व गांवाला वळसा देऊन खाडीस मिळते. पावसाळ्यांत ती इतकी माजते, कीं दरसाल उतावळ्या पोहणाऱ्यांविषयीं चिंता करावी लागते. वैशाखांत मात्र ती डोहाडोहांत विभागलेली, दमून बसलेल्या सासुरवाशिणीसारखी दिसते. कांठावर जांभूळ, कुसुंब आणि करवंदीच्या जाळ्या. पहाटे कोकीळ, आणि दुपारीं जेव्हां सारें रान गप्प असतें तेव्हां पावशा. ऋतुसंहारांतील ग्रीष्म मीं तीस वर्षें विद्यार्थ्यांना समजावून दिला. तो प्रत्यक्ष पाहिला चेण्यास.

तेथें जाण्याचें कारण असें घडलें. माझा एक जुना विद्यार्थी वसईकडचा, ख्रिस्ती. २०२४ च्या चैत्रांत तो घरीं आला आणि म्हणाला, "सर, मे महिन्यांत आमचें मुलांचें शिबिर आहे, बारा दिवसांचें. मुलें सगळीं इंग्रजी शाळांतलीं. त्यांना मराठी गोष्टी सांगणारें आणि झाडें-पांखरें दाखवणारें कोणी तरी हवें. तुम्ही याल का?"

मी मॅट्रिक झालेला, पाठशाळेंत थोडें संस्कृत शिकलेला, सेवानिवृत्त शिक्षक. घरांत बसून कंटाळलों होतों. पण ख्रिस्ती शिबिरांत नोकर म्हणून जावयाचें? माझी वडील बहीण आमच्याकडेच असते. ती माळ खालीं ठेवून म्हणाली, "अरे, जन्मभर संध्या केलीस ती तिथें नेऊन बुडवायला का? नारायणराव टिळकांचें काय झालें तें ठाऊक आहे ना?" टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला १८९५ सालीं, परंतु लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' आमच्या घरीं इतक्यांदा वाचलीं गेलीं आहेत, कीं अक्काला ती गोष्ट कालची वाटते. सौभाग्यवती मात्र म्हणाली, "अहो, जा खुशाल. तुम्हांला घरांत बसवत नाहीं आणि मला तुम्हांला बसलेलें पाहवत नाहीं." तिच्या ह्या निकालावर अपील नव्हतें.

शिबिराचे प्रमुख एक वयोवृद्ध फादर होते. त्यांच्यापुढें मीं तीन अटी ठेवल्या : प्रार्थनेस बसणार नाहीं, मांसमत्स्याच्या पंक्तीस जेवणार नाहीं, आणि मला कोणी उपदेश करूं नये. फादर हंसून शुद्ध मराठींत म्हणाले, "मास्तर, तिन्ही मान्य. सकाळीं आम्ही प्रार्थनेला बसूं तेव्हां तुम्ही नदीवर आपली संध्या करा. माझी अट एकच. मुलांना मराठीची भीति वाटेल असें कांहीं होऊं देऊं नका." ती अट मला फारच सोपी वाटली.

मुलांना सुटींत रानांत नेऊन ठेवण्याची ही रीत मूळची अमेरिकेंतील. वाय. एम. सी. ए. ह्या संस्थेच्या सम्नर डडली नांवाच्या गृहस्थानें १८८५ सालीं न्यूयॉर्क प्रांतांत सात मुलांना एका तळ्याकांठीं नेलें; तेथून ही प्रथा वाढली. मुंबईंत ती संस्था १८७५ पासून आहे, व मावळांत निळशी येथें जलाशयाकांठीं तिचें शिबिरस्थान आहे. आपल्याकडील गुरुकुलाशीं ह्या रीतीचें नातें मला पहिल्याच दिवशीं दिसलें. सुखवस्तु घरचीं मुलें विहिरीचें पाणी ओढीत, भांडीं घाशीत, आणि तक्रार न करतां जमिनीवर निजत.

मुलें अठ्ठेचाळीस, दहा ते चौदा वर्षांचीं. सहा-सहांचा एक गट, गटास एक तरुण नायक. सेवकवर्गाची दिनचर्या मुलांहून कडक. साडेपांचला लोखंडी रुळाच्या तुकड्यावर ठोके पडत. त्याआधीं आम्ही उठलेले असूं. तंबूंची झाडलोट, न्याहरी, वर्ग, रानफेरी, दुपारची सक्तीची विश्रांति, खेळ, आणि रात्रीं शेकोटी. डोहावर नेतांना जोडीचा नियम होता. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. शिट्टी वाजतांच दोघांनीं एकमेकांचा हात धरून वर करावयाचा. एक जोडी जरी अपुरी दिसली तरी सर्वांना पाण्याबाहेर काढावयाचें, मग इतर कांहीं विचारावयाचें. पाणी कमरेएवढें असतांहि हा नियम एकदांहि सैल झाला नाहीं. मुलें निजल्यावर सेवकांची बैठक भरे : आज कोण जेवलें नाहीं, कोण रडलें, कोणास घरची आठवण आली. तीस वर्षें नोकरी केली, पण आमच्या शिक्षकांच्या बैठकींत असले प्रश्न मीं क्वचितच ऐकले होते; तेथें चर्चा गुणपत्रकांची असे.

माझ्या जेवणाची काळजी उत्तनच्या एका बाईंनीं घेतली. त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांच्या बाटली मसाल्याचा वास साऱ्या तळावर दरवळे. परंतु माझें वरणभाताचें पातेलें त्यांनीं निराळें ठेविलें होतें व त्याचा चमचासुद्धां दुसऱ्या भांड्यास लावला नाहीं. मीं आभार मानले, तेव्हां त्या म्हणाल्या, "अवो, माझी आई उपासाच्या चाळीस दिसांत मासली खायची नाय. पथ्य काय असतें तें आमाला ठाव आहे."

आतां माझी चूक सांगावयास हवी. दुसऱ्याच दिवशीं वर्गांत मीं अवयवांचीं नांवें विचारलीं. वसईकडची एक अकरा वर्षांची मुलगी उत्साहानें उठली आणि म्हणाली, "डोला." मीं म्हटलें, "डोला नव्हे, डोळा." ती पुन्हां म्हणाली, "डोला." मुलें हंसलीं. पुढें "पानी" आलें. मीं तिला फळ्यापाशीं बोलावून 'ण' आणि 'ळ' दहादां म्हणावयास लाविलें व वर विनोद केला, कीं ह्या दोन अक्षरांवर खाडीपलीकडे जकात बसते काय! वर्ग खदखदून हंसला. मुलगी जागेवर जाऊन बसली. त्यानंतर तीन दिवस ती माझ्या वर्गांत एक अक्षर बोलली नाहीं.

रात्रींच्या बैठकींत तिच्या गटनायिकेनें एवढेंच सांगितलें, "ती आतां इंग्रजींतच बोलते." कोणीं माझ्याकडे पाहिलें नाहीं. बैठक संपल्यावर फादर माझ्याबरोबर नदीपर्यंत चालत आले. त्यांनीं मला दोष दिला नाहीं. त्या मुलीच्या घरची हकीकत मात्र सांगितली.

ती मुलगी कुपारी समाजाची. वसईकडे ह्या समाजास सामवेदी ख्रिस्ती असेंहि म्हणतात, आणि त्याच परिसरांत सामवेदी ब्राह्मणांचीं घरें आजहि आहेत. धर्म दोन झाले तरी दोघांची घरची बोली एकच राहिली आहे. साष्टी व मुंबईकडच्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळीं, 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. पश्चिम किनाऱ्यावर राहून पूर्वेचें नांव! गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण निराळे आहोंत व कंपनीच्या अमलापासूनचे प्रजाजन आहोंत, हें त्यांना दाखवावयाचें होतें. पण नांव इंग्रजी झालें तरी त्यांची घरची बोली मराठीच राहिली. "मास्तर," फादर म्हणाले, "पोर्तुगीज सरकारनें १६८४ सालीं गोव्यांत लोकांची भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. सरकारच्या हुकुमानें जी मेली नाहीं ती घरांतल्या हंशानें मरते."

मला खिस्तपुराण ठाऊक नव्हतें असें नाहीं. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, मराठी शिकला, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ त्यानें रचला. १६१६ सालीं तो राचोलच्या छापखान्यांत रोमन अक्षरांत छापला गेला. मराठीच्या स्तुतीच्या त्यांतील ओव्या मीं शाळेंत मुलांकडून पाठ करून घेतल्या होत्या. पण तो ग्रंथ कोणाकरितां रचला गेला, कोणीं तो ऐकला, त्या श्रोत्यांचीं नातवंडें-पणतवंडें आज कोठें आहेत, हा विचार माझ्या मनांत कधींहि आला नव्हता. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, म्हणतात तें हेंच. ज्या श्रोत्यांसाठीं परदेशी पाद्र्यानें ओवी उचलली, त्यांच्याच एका धर्मबंधूच्या लेकीला मीं फळ्यापाशीं उभी केली होती.

दुसऱ्या दिवशीं वर्गापुढें मीं तिची क्षमा मागितली. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागणें हें माझ्या पिढीला सोपें नाहीं. हात थोडे कांपले. मग मीं सर्व मुलांना सांगितलें, "आजपासून ज्यानें त्यानें आपल्या आजीचा शब्द आणावा. मी त्याचें मूळ सांगेन." तो वर्ग पुढें एवढा रंगला, कीं दुपारच्या विश्रांतींतहि मुलें शब्द घेऊन माझ्या तंबूशीं येत. त्या मुलीनें मात्र आपला शब्द आणावयास आणखी दोन दिवस घेतले. तिचा मान तिनें योग्य रीतीनें राखला.

नवव्या दिवशीं मुलांना घेऊन आम्ही घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलों. वरसाव्याच्या नाक्यापलीकडे तो लागतो. येथें अरबी घोडे उतरत म्हणून घोडबंदर, असें सांगतात. बुरुजावरून खालीं रुंद खाडी दिसते आणि पलीकडे वसईचा तालुका. इतिहास सांगण्यास ह्याहून चांगली जागा कोठली! गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली, येथपासून मीं आरंभ केला. चिमाजी अप्पांची १७३७ ची साष्टीची स्वारी, १७३९ च्या फेब्रुवारींत वसईला पडलेला वेढा, सुरुंग, आणि मेच्या मध्यास झालेला तह. सातवीच्या वर्गांत तीस वर्षें जें सांगितलें तेंच मी त्याच आवेशानें सांगत होतों. ऐकणाऱ्यांत मात्र फरक होता.

त्या रात्रीं शेकोटीभोंवतीं एक तेरा वर्षांचा मुलगा उभा राहिला. मुलगा अभ्यासू, नम्र. तो म्हणाला, "सर, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांत जी मोठी घंटा आहे ती आमच्या वसईच्या देवळांतली आहे, असें आजोबा सांगतात. खरें का?" वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

मीं म्हटलें, "खरें आहे. तिच्यावर १७२१ हें साल आहे. अशाच घंटा भीमाशंकरास आणि वाईजवळ मेणवलीसहि आहेत."

"मग ती जिंकून आणली कीं लुटून?"

मी संस्कृतज्ञपणाच्या आहारीं गेलों. म्हटलें, "बाळा, व्याकरणांत ते दोन धातु आहेत, घंटेंत मात्र एकच!" माझ्या विनोदाला सहसा हंसूं मिळतें. त्या रात्रीं कोणी हंसलें नाहीं. लांकडें तेवढीं तडतडलीं.

वाचकहो, चिमाजी अप्पा हें माझ्या बालपणापासूनचें दैवत. पोर्तुगीजांनीं देवळें पाडलीं, गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशन चालविलें, हजारों लोक देशोधडीस लाविले. वसईच्या लढाईंत हजारों मराठे कामास आले. हें सर्व खरें आहे, आणि तें सर्व माझ्या जिभेवर तयार होतें. परंतु समोर बसलेलीं मुलें पोर्तुगीज नव्हतीं. पोर्तुगीज १७३९ त आपलीं शस्त्रें घेऊन गलबतांत बसून निघून गेले. ह्या मुलांचे पूर्वज गेले नाहींत. ते आपल्या वाडींत राहिले, त्यांनीं पेशव्यांच्या सरकारांत सारा भरला, आणि तहाप्रमाणें आपला धर्म पाळला. देवळें पाडणारा वेगळा होता, आणि ज्याची घंटा गेली तो वेगळा होता. हें तीस वर्षांत मला एकाहि मुलानें विचारलें नव्हतें, कारण माझ्या वर्गांत तें विचारण्याजोगा मुलगा बोलत नव्हता.

मग मीं जें खरें तेंच सांगितलें. "पोर्तुगीजांनीं आमचीं देवळें पाडलीं, हें खरें. आमचे लोक जिंकले आणि विजयाची खूण म्हणून घंटा घेऊन गेले, हेंहि खरें. ती घंटा तुमच्या देवळाची होती. ती आम्हीं नेली."

शेवटचें वाक्य लहान आहे. तें उच्चारावयास मला बराच वेळ लागला. मुलगा "बरें, सर" म्हणून खालीं बसला. त्याच्या चेहऱ्यावर जय नव्हता, समाधान होतें. आणि तेवढ्यांत त्या 'डोला' म्हणणाऱ्या मुलीनें विचारलें, "सर, ती अजून वाजते का?"

मला उत्तर ठाऊक नव्हतें. नाशिकला मी चारदां जाऊन आलों होतों. वर मान करून कधीं पाहिलें नव्हतें. मीं दोघांना वचन दिलें, कीं पाहून कळवीन.

बैठकीनंतर फादर म्हणाले, "हें मी त्यांना कधीं सांगितलें नाहीं. मी सांगितलें असतें तर तें गाऱ्हाणें झालें असतें. तुम्हीं सांगितलेंत, म्हणून त्यांना तें ऐकतां आलें."

बाराव्या दिवशीं तंबू उतरले. निघतांना मावशींनीं सौभाग्यवतीसाठीं बाटली मसाल्याची पुडी दिली. आमच्या घरीं ती पावट्याच्या उसळीस लागली, आणि अक्कानेंहि विचारपूस न करतां दोनदां वाढून घेतली. संध्या बुडाली नाहीं. उलट बारा दिवस वाहत्या पाण्याच्या कांठीं झाली, जी घरीं नळापाशीं होते.

त्याच वर्षीं २५ जुलैस फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवर्तल्याची बातमी वाचली. त्यांनीं संपूर्ण बायबल मराठींत आणलें. २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हां आमच्या मित्रमंडळींत थोडी कुरकुर झाली होती आणि मीं त्या कुरकुरीस 'हो' म्हटलें होतें. ती आठवण मला त्या दिवशीं जड गेली.

श्रावणांत नाशिकला गेलों. गोदेच्या कांठीं, पंचवटीच्या बाजूस, सरदार नारोशंकरांनीं १७४७ सालीं बांधलेलें तें रामेश्वराचें देऊळ. घंटा प्राकाराच्या भिंतीवर, उंच टांगलेली आहे. खालून हात पोचत नाहीं. गोदेला मोठा पूर आला म्हणजे पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत चढल्याची गोष्ट नाशिककर सांगतात. मी तिच्याखालीं बराच वेळ उभा होतों. सौभाग्यवतीनें विचारलें, "कोणाला नमस्कार करतां आहां?" मीं म्हटलें, "कोणाला नाहीं. निरोप सांगायचा आहे."

घरीं आल्यावर दोन पत्रें लिहिलीं : घंटा पाहिली, जपून ठेविलेली आहे, मी होतों तोंवर वाजली नाहीं, तुम्ही मोठीं व्हाल तेव्हां येऊन स्वतः पाहा, माझ्या घरीं उतरा, नाशिकला मी तुम्हांला घेऊन जाईन.

दोघांचीं उत्तरें आलीं. मुलानें तीन प्रश्न आणखी विचारले आहेत. त्यांतील दोहोंचीं उत्तरें मी अद्याप शोधतों आहें. मुलीचें पत्र देवनागरींत, स्वतःच्या हातचें, आजीच्या बोलींत आहे. नदीचें 'पानी' आतां खूप वाढलें असेल का, असें तिनें विचारलें आहे. टेबलावर तांबड्या शाईची लेखणी होती. ती तशीच राहूं देऊन मीं निळ्या शाईनें उत्तर लिहिलें, कीं होय, श्रावणांत चेण्याच्या नदीला पानी खूप असतें. त्या दिवसांत तिच्यांत उतरावयाचें नाहीं.